क्रेस्टेनची रेषा आणि एगोनचा कान

मित्रांनो, माझ्या झाकणावर जरा तळहात ठेवून बघा. ऊब लागली ना? मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे आणि थंड बसून राहणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. बाहेरून शिसवी लाकडाची पेटी, पुढे चकचकीत पट्टी, तिच्यावर गोल बटणं, असा मी दिसायला अगदी शांत आहे. आत मात्र सारखी धाकधूक चालू असते. रेकॉर्डवरून सुई जे उचलते, ते इतकं बारीक असतं की ते कुणाच्या कानापर्यंत पोचायचं नाही. ते घ्यायचं, वाढवायचं आणि स्पीकरकडे धाडायचं, हे माझं काम. त्यात पदरचं काही घालायचं नाही आणि आलेलं काही गाळायचं नाही. हे सांगायला सोपं आहे. करताना जीव टांगणीला लागतो, कारण आपण ते नीट केलं की नाही हे माझं मलाच कळत नाही. ते दुसऱ्याने सांगावं लागतं. आणि सांगणारे दोघं असले, त्या दोघांचं जन्मात एकमत होत नसलं, तर मधल्यामध्ये काय हाल होतात ते मला विचारा.

माझा जन्म डेन्मार्कच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या एका गावातल्या कारखान्यात झाला. तिथला वारा कधी थांबत नाही. झाडंसुद्धा एका अंगाला कलूनच वाढतात. लांबलचक टेबलांशी बायका ओळीने बसायच्या आणि आमच्या पोटात एकेक भाग डाख देऊन जोडत जायच्या. हातात तापलेली सळई आणि तोंडात शेजारणीच्या सुनेची गोष्ट. त्यांच्या हातून सरकत सरकत मी पूर्ण झालो आणि ओळीच्या शेवटी आलो. तिथे दोन टेबलं होती.

पहिल्या टेबलाशी क्रेस्टेन बसायचा. उंच, हडकुळा, शर्टाच्या खिशात कायम पट्टी. त्याच्यापुढे मोजणीचं यंत्र होतं. अगदी खालच्या खर्जापासून वरच्या बारीक शिट्टीपर्यंत सगळे सूर तो एकाच जोराने आमच्यात सोडायचा, आणि पलीकडून ते तेवढ्याच जोराने बाहेर पडतात का ते बघायचा. पडले, तर यंत्राच्या कागदावर सरळ रेषा उमटायची. रेषा सरळ, की पास. सरळ रेषेपलीकडे क्रेस्टेनला या जगात फारसं काही आवडत नसे.

दुसऱ्या टेबलाशी एगोन असायचा. गोल चेहरा, विस्कटलेले केस. त्याच्याकडे यंत्र नव्हतं. एक हिरवी खुर्ची, दोन स्पीकर आणि त्याचे दोन कान. तो रेकॉर्ड लावायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. दोघांचा होकार मिळाल्याखेरीज आमच्यातला कुणीही खोक्यात बसून बाहेर जात नसे.

इथे आमच्या गावाची एक रीत सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. आमच्याकडची माणसं कौतुकाला भारी कंजूष. एखादी गोष्ट मनापासून आवडली तर म्हणणार, "वाईट नाही." नवी होडी बघितली, वाईट नाही. पहिलं नातवंड मांडीवर घेतलं, वाईट नाही. याच्या वरचा शब्द आमच्याकडे वापरतच नाहीत. कुणी "छान आहे", "फार सुंदर आहे" म्हणालं, तर समजायचं की समोरचा माणूस आजारी तरी आहे, किंवा त्याच्या घरचं कुणी गेलं तरी आहे. मरणाच्या घरी कॉफीबरोबर कोरडा ठक्क केक आला तरी पाहुणे म्हणतात, "फार छान झालाय हं." तेव्हा एगोनच्या तोंडून "वाईट नाही" ऐकायला आम्ही रांगेत किती आतुर असू, याची कल्पना करा.

मला ते ऐकायला मिळालं नाही.

क्रेस्टेनने माझी रेषा काढली, तिच्यावर पट्टी ठेवून बघितली आणि खुशीत मला एगोनच्या टेबलावर आणलं. "घे. यात तुला खोट सापडली तर मी टोपी खाईन."

एगोनने रेकॉर्ड लावली. थोडा वेळ ऐकलं आणि एक डोळा उघडला. "हा दात खातोय."

"कोण?"

"हाच. खर्जाच्या एका सुराला. तेवढ्या एकालाच."

"माझ्या रेषेत तसलं काही नाही."

"मग तुझ्या रेषेला इथे बसव आणि ऐकायला सांग."

टेबलांवरच्या बायका काम टाकून हसायला लागल्या. क्रेस्टेनचे कान लाल झाले. त्याने मला पुन्हा मोजलं. रेषा पुन्हा सरळच. जेवणाचा भोंगा झाला तरी दोघं भांडतच होते, आणि मी मध्ये तापत होतो. शेवटी एगोनने माझ्या झाकणावर बोट दाबून धरलं आणि तीच जागा परत वाजवली. कुरकुर थांबली. माझ्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरचा एक स्क्रू सैल राहिला होता आणि त्या सुराला झाकण थरथरत होतं. क्रेस्टेनचं यंत्र माझ्या मागच्या तारांना जोडलेलं. झाकणाची कुरकुर तारेतून जातच नाही, ती त्याला दिसणार कशी?

"झाकण मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही," असं म्हणून क्रेस्टेन जेवायला गेला आणि कितीतरी दिवस एगोनशी बोलला नाही. टोपी त्याने काही खाल्ली नाही.

स्क्रू एका क्षणात आवळला गेला. पण एकदा नाकारलेला माल दुकानात जायचा नाही, असा कारखान्याचा नियम होता. माझ्या पोटाखाली लाल कागद डकवला गेला. तो अजून आहे. तेव्हा मला तो फार झोंबला. नाताळात असा माल कामगारांना वाटून टाकत, तेव्हा मला कोणी नेलं माहीत आहे? एगोननेच. सायकलच्या मागे बांधून, समोरच्या वाऱ्याशी झगडत.

आणि मग, मित्रांनो, माझे सुखाचे दिवस सुरू झाले. एगोनची बायको बोडिल गावातल्या मुलींना कवायत शिकवायची. तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा. रेकॉर्ड लागली की ती बटाटे सोलता सोलता पाय आपटून ताल धरायची, आणि एगोन म्हणायचा, "बोडिल, सुई उडतेय." शनिवारी दुपारी क्रेस्टेन जेवायला यायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. राईचा काळा पाव, त्यावर हेरिंग मासा, कांदा, आणि तोंडी लावायला भांडण. क्रेस्टेनचं म्हणणं, मोजता येत नाही ते नसतंच. एगोनचं म्हणणं, ऐकू येत नाही ते मोजून करायचंय काय? बोडिल दोघांच्या ताटात बटाटे वाढून म्हणायची, "दोघंही खा. तोंड भरलेलं असलं की तुमचं बरं जमतं."

गावातले लोक आपापली यंत्रं घेऊन एगोनकडे यायचे. तो ती माझ्या शेजारी लावायचा आणि ताडून बघायचा. म्हणजे नापास झालेला मी आता इतरांना जोखायचं माप झालो होतो. एकदा असंच एक यंत्र ताडून झाल्यावर त्याने माझ्या झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाला, "वाईट नाही." मी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त तापलो असणार. तुम्ही विचाराल, तुला कान नाहीत, मग हे सगळं ऐकलंस कसं? ते मला विचारू नका. गोष्ट सांगणाऱ्याला एवढी सवलत द्यावी.

पुढे कारखाना बंद पडला. काम दूर कुठेतरी गेलं, बायका घरी गेल्या, इमारतीच्या काचा फुटल्या. बऱ्याच वर्षांनी नगरपालिकेने तिथली जुनी खानावळ म्हाताऱ्या कामगारांच्या मंडळाला दिली. आमच्या देशात माणसं जमली की आधी मंडळ काढतात, मग कॉफी करतात. मंडळाने ठरवलं की इथे तयार झालेली यंत्रं गोळा करून कायमची मांडून ठेवायची. माळ्यांवरून, कोठारांतून माझी भावंडं येऊ लागली. त्यांना आत घ्यायचं की नाही हे जुन्याच रीतीने ठरायचं. पुन्हा दोन टेबलं मांडली गेली. एकाशी क्रेस्टेन आणि त्याचं यंत्र. दुसऱ्याशी एगोन आणि त्याची हिरवी खुर्ची, आता उसवलेली. दोघांचा होकार मिळाला तर फळीवर जागा. नाही तर मागच्या दारी भंगाराची लोखंडी पेटी.

माझी खरी अस्वस्थता इथून सुरू झाली. माझ्यावर ट्रेबलचं एक बटण आहे, वरचे बारीक सूर कमीजास्त करायचं. एगोनने ते कायम मधोमध ठेवलेलं असायचं. तो म्हणायचा, मधोमध म्हणजे खरं. एका हिवाळ्यात त्याने ते केसभर उजवीकडे सरकवलं. मला वाटलं, चुकून हात लागला असेल. पुढच्या हिवाळ्यात आणखी केसभर. नंतर हिवाळा-उन्हाळा बघायचं कारणच उरलं नाही. तो मला लावायचा, कपाळाला आठ्या घालायचा, बटण जरा पुढे ढकलायचा, खुर्चीत बसायचा, पुन्हा उठायचा. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढायचा, मागे ढकलायचा. माझ्या तारा बदलायचा. "कुंद वाजतंय," असं पुटपुटायचा. मी माझ्या परीने आलेलं सगळं देत होतो. वरचे सूर इतके टोकदार व्हायला लागले होते की बोडिल रेकॉर्ड लागली की उठायची. "कपडे वाळत घालायचेत," असं सांगून जायची. भर पावसात कुणी कपडे वाळत घालतं का?

एका उन्हाळ्यात खिडकी उघडी होती. बांधावरच्या गवतात नाकतोड्यांनी नुसता कल्ला मांडला होता. एगोन खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "यंदा नाकतोडे दिसत नाहीत कुठे. औषधं मारून मारून संपवले वाटतं."

 बोडिलने फक्त त्याच्याकडे बघितलं आणि हळूच खिडकी लावून घेतली. तेव्हा मला सगळं कळलं. तिला तर ते माझ्याही आधी कळलं असणार. पण गावात ज्याचा कान म्हणजे शेवटचा शब्द, त्याला हे कुणी सांगायचं? आणि सांगितलं नाही, तर? मंडळातून आता रोज तेच ऐकू यायला लागलं होतं. एगोन एकामागून एक यंत्र नापास करत होता. कुंद. मेलेलं. वर काही उरलं नाही. माझी धडधाकट भावंडं मागच्या दाराने त्या लोखंडी पेटीत जात होती.

शनिवारच्या जेवणात हेरिंग तसाच राहिला आणि भांडण पेटलं. क्रेस्टेन म्हणाला, "कालच्या यंत्राची रेषा मी तुला दाखवली होती."

"बघितली मी."

"सरळ होती."

"तुझी रेषा या माझ्या ॲम्प्लिफायरच्या वेळीही सरळच होती. तेव्हा दात कोण खात होतं, विसरलास?"

क्रेस्टेनने काटा खाली ठेवला. हे एवढंसं झाकण एगोन त्याच्यावर जन्मभर फेकत आला होता. बोडिलने बटाट्याचं भांडं मध्ये ठेवलं, पण या वेळी ती काही बोलली नाही.

वसंतात या यंत्रांच्या संग्रहालयाच्या उद्घाटनाचा दिवस ठरला. त्या दिवशी एक यंत्र सगळ्यांसमोर वाजवायचं होतं, आणि तो मान माझा, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. एगोनने तयारीला म्हणून मला लावलं. ट्रेबलचं बटण उजवीकडे नेलं. ते तिथे टेकलं. त्याच्या पुढे जागाच नव्हती. तो किती वेळ बोट बटणावर ठेवून बसला, आणि मग माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाला, "तूही म्हातारा झालास तर."

मी म्हातारा झालो? मित्रांनो, माझ्यात ओरडायची सोय असती तर मी ओरडलो असतो. दुसऱ्याच दिवशी त्याने मला उचलून क्रेस्टेनच्या टेबलावर ठेवलं. "मोज याला. याचंही वरचं गेलं असेल तर मी स्वतःच्या हाताने याला पेटीत टाकीन. आपलं म्हणून पाठीशी घालायचं नाही."

त्याने खुर्ची ओढली आणि वर्तमानपत्र उघडलं. पण पान काही उलटेना. क्रेस्टेनने ट्रेबलचं बटण मधोमध आणलं आणि तारा जोडल्या. मी थरथरत होतो, आणि ते स्क्रूमुळे नव्हे. रेषा सरळ निघाली तर मी वाचणार होतो, पण एगोनचं काय होणार होतं? आणि रेषा वाकडी निघाली असती तर एगोनचा मान राहिला असता आणि मी भंगारात गेलो असतो. काय मागावं तेच मला कळेना.

रेषा उमटली. क्रेस्टेनने खिशातली पट्टी काढून तिच्यावर ठेवली. मग त्याने मला पुन्हा मोजलं. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. एक बारीक, टोकदार सूर त्याने माझ्यातून स्पीकरवर सोडला आणि आवाज वाढवत वाढवत पार वर नेला. त्याची म्हातारी कुत्री टेबलाखाली झोपलेली असायची. ती ताडकन उठली, कण्हली, आणि दाराशी जाऊन नखांनी दार ओरबाडायला लागली.

एगोनने वर्तमानपत्रावरून बघितलं. "तुझ्या कुत्रीला बाहेर जायचंय वाटतं."

क्रेस्टेनने सूर बंद केला.  कारखान्यातल्या त्या जेवणाच्या भोंग्यापासून तो या दिवसाची वाट बघत होता. एका वाक्यात त्याला सगळं फेडता आलं असतं. त्याने माझी रेषा काढलेला कागद उचलला, त्याची घडी घातली आणि खिशात कोंबली.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "वरचे सूर गेलेत. राहू दे माझ्याकडे. बघतो काय करता येतं."

एगोनचा चेहरा इतका सैलावला की मला बघवेना. "सांगत नव्हतो मी?" तो म्हणाला.

क्रेस्टेनच्या घरी माझं झाकण उघडलं गेलं. मी संतापलो होतो. धडधाकट असून मला रोगी ठरवलं होतं, आणि तेही कुणी? ज्याने जन्मात कधी खोटा आकडा लिहिला नाही त्याने. त्याने माझ्यातले काही मूळचे भाग सोडवले, एका काडेपेटीत जपून ठेवले आणि त्यांच्या जागी दुसरे बसवले.  आता बटण मधोमध असलं तरी माझ्यातून वरचे सूर उसळून बाहेर पडणार होते. त्याने शेवटी मला यंत्राला जोडलं, आणि डोंगरासारखी चढत गेलेली ती रेषा बघून म्हणाला, "शी! काय करून ठेवलं मी हे." पण ते त्याने तसंच ठेवलं. कुत्री शेजारच्या खोलीत निघून गेली होती.

शनिवारी त्याने मला घरी आणलं. एगोनने रेकॉर्ड लावली, बटण मधोमध ठेवलं, खुर्चीत बसला आणि डोळे मिटले. मला माझीच लाज वाटत होती. गाण्यातलं प्रत्येक 'स' अक्षर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं निघत होतं, झांजा कानात टोचतील अशा. आणि एगोनच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. किती दिवसांनी तो खुर्चीत नुसता बसला होता. ना उठला, ना स्पीकर हलवला. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "वाईट नाही."

बोडिल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे खांदे कानापर्यंत चढले होते. तिने एकदा क्रेस्टेनकडे बघितलं. क्रेस्टेन जमिनीकडे बघत होता. तेवढ्यावरून तिला सगळं उमगलं.

"काय म्हणतेस, बोडिल?" एगोनने विचारलं.

"छान आहे," बोडिल म्हणाली. "फार छान आहे."

एगोनचा हात हवेतच थांबला. त्याने उठून सुई उचलली. 

मित्रांनो, त्याचे वरचे सूर गेले होते हे खरं. पण माणसाच्या बोलण्यात काय लपलंय ते ऐकायला ते सूर लागत नाहीत. तो बोडिलकडे बघत म्हणाला, "लग्नात माझ्या आईने केलेला केकही तुला छान वाटला नव्हता. आज कोण मेलंय, बोडिल?"

बोडिलच्या डोळ्यांत पाणी आलं. मैदानाच्या टोकाला पोचणारा तिचा आवाज अगदी बारीक झाला. "कुणी नाही मेलं रे."

एगोन क्रेस्टेनकडे वळला. "रेषा कशी होती?"

"एगोन, जाऊ दे..."

"रेषा कशी होती, क्रेस्टेन?"

क्रेस्टेनने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. एगोनने तो उलगडला. क्रेस्टेनच्या खिशातली पट्टी मागून घेतली, रेषेवर ठेवली आणि बघत राहिला. मग खोलीत येरझाऱ्या घालायला लागला. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत. शेवटी माझ्यासमोर थांबून म्हणाला, "म्हणजे ती सगळी. मी पेटीत टाकलेली. ती सगळी चांगली होती."

कुणी नाही म्हणालं नाही.

"शेवटची काही माझ्या कोठारात आहेत," क्रेस्टेन म्हणाला. "सरळ रेषा असलेलं यंत्र भंगारात जाताना मला बघवेना. मागच्या दाराने उचलून न्यायला लागलो."

"आणि आधीची?"

"आधीची गेली."

एगोन खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस, पण खुर्ची एकदम मोठी दिसायला लागली. मला फार वाईट वाटलं. गेलेल्या भावंडांसाठी वाटलं आणि त्याच्यासाठीही वाटलं. थोड्या वेळाने तो उठला, स्क्रू फिरवायचा पेचकस घेऊन आला आणि माझं झाकण उघडायला लागला.

"काय करतोस?" बोडिल म्हणाली.

"याला होता तसा करतोय. क्रेस्टेन, याचे मूळचे भाग कुठे आहेत?"

क्रेस्टेनने खिशातली काडेपेटी पुढे केली. "पण मग तुला ऐकू येणार नाही."

"मला नाही येणार. पण कान माझा गेलाय. शिक्षा त्याला कशाला?"

दोघा म्हाताऱ्यांनी मिळून मला पूर्ववत केलं. एगोनने सळई धरली, क्रेस्टेनने दिवा धरला. बऱ्याच वर्षांनी त्या घरात ते दोघं न भांडता एकत्र होते, आणि खरं सांगतो, मला ते भांडणापेक्षा जास्त अवघड गेलं.

उद्घाटनाच्या दिवशी संग्रहालयाच्या फळ्यांवर काही जागा मोकळ्या ठेवलेल्या होत्या. त्या भरायच्या नाहीत, असं एगोननेच सांगितलं होतं. तो सगळ्यांसमोर उभा राहिला. आधी एकदा बाहेर जाऊन आला, मग टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, "या जागांवर यंत्रं असायला हवी होती. ती मी टाकून दिली. यंत्रं बरी होती, माझे कान बरे नव्हते. क्रेस्टेनने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ऐकणं हेच माझं काम होतं." एवढं बोलून त्याने बोडिलला हिरव्या खुर्चीत बसवलं, मला लावलं आणि ट्रेबलचं बटण मधोमध ठेवलं. बोडिलने डोळे मिटून ऐकलं. तिचा पाय ताल धरायला लागला. सुई थोडी उडाली. आणि ती म्हणाली, "वाईट नाही." सगळी खानावळ हसली, आणि एगोनही.

नंतर तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. कानात घालायची ती छोटी यंत्रं त्याला बिलकूल आवडली नाहीत. "पत्र्याच्या डब्यात डोकं घातल्यासारखं वाटतं," म्हणून तो ती काढायचा, आणि बोडिल परत घालायला लावायची. "तुझ्या कानाची रेषाही मी काढून बघितली असती," असं क्रेस्टेन म्हणाला, तेव्हा त्याच्या अंगावर उशी फेकली गेली. शनिवारची भांडणं पुन्हा सुरू झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. मोठ्या समारंभात मी वाजलो तरी मला परत घरी आणण्यात आलं. लाल कागदासकट.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल, तर त्याची धूळ पुसा, त्याला अधूनमधून चालू करा. आणि ते बिघडलं असं वाटलं, तर त्याला मागच्या दारी नेण्याआधी एकदा दुसऱ्या कुणाला तरी विचारा. ज्याच्याशी तुमचं मुळीच पटत नाही अशा कुणाला तरी. आणि जो चुकला, त्यालाही मागच्या दारी नेऊ नका.

अगदी परवाची गोष्ट. उन्हाळा होता, खिडकी उघडी होती. एगोनने कानात ती यंत्रं घातलेली होती आणि मला नुकतंच चालू केलं होतं. रेकॉर्ड अजून लावायची होती. अचानक त्याने मान वाकडी केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि कान माझ्या झाकणाला लावला. 

"बोडिल, इकडे ये. हा पुन्हा काहीतरी कुरकुर करतोय. बारीक, चिर्र चिर्र."

बोडिल हात पुसत आली. तिने ऐकलं आणि हसायला लागली. हसता हसता तिने त्याचा हात धरून त्याला खिडकीशी नेलं.

"अरे, नाकतोडे आहेत ते."

एगोन खिडकीत उभा राहिला. बांधावरचं गवत वाऱ्याने एका अंगाला झुकलं होतं. तो किती वेळ तसाच उभा होता. मी शेजारी तापत होतो, रेकॉर्ड तशीच राहिली होती, आणि मला पहिल्यांदाच कसलीही घाई वाटत नव्हती.

"वाईट नाही," तो म्हणाला.